दोन दीर्घिका भिडल्या आहेत हे ओळखायचे कसे?

दुर्बिणीच्या छायाचित्रात दोन दीर्घिका एकमेकींना बिलगलेल्या दिसल्या, म्हणजे त्या एकरूप होत आहेत असे नव्हे. छायाचित्रात खोली कळत नाही. वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ३३१४ मध्ये (एनजीसी ही आकाशातल्या अशा वस्तूंची एक क्रमवार यादी) एक सर्पिल दीर्घिका दुसरीच्या थेट अंगावर चढलेली दिसते. प्रत्यक्षात दोघींमध्ये कोट्यवधी प्रकाशवर्षांचे अंतर आहे. आपल्या दृष्टिरेषेत त्या योगायोगाने आल्या, एवढेच. वर्णपट घेऊन, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवून, दोघींचे वेग मोजले आणि ते फार वेगळे निघाले की असे अनेक योगायोग उघडे पडतात. पण वर्णपट नसला, तरी चित्रच बरेच काही सांगते. त्यासाठी नजर झगझगीत केंद्रावरून काढून कडेच्या फिकट प्रकाशाकडे न्यावी लागते.

हस्त तारकासमूहातली एनजीसी ४०३८ आणि ४०३९ ही जोडी पाहा. तिच्यातून दोन लांब, वाकडी शेपटे बाहेर पडली आहेत, कीटकाच्या मिशांसारखी. म्हणून तिला अँटेना दीर्घिका म्हणतात. एका दीर्घिकेची जी बाजू दुसरीच्या जवळ असते तिच्यावर केंद्रापेक्षा जास्त ओढ बसते, पलीकडच्या बाजूवर कमी. समुद्राला भरती आणणारे बल हेच. त्यामुळे दीर्घिकेची ताऱ्यांनी भरलेली चपटी तबकडी ताणली जाते आणि मुळातच फिरत असलेले तारे बाहेर भिरकावले जातात.

हे आज सोपे वाटते, पण इतकी लांब, सडपातळ शेपटे नुसत्या गुरुत्वाकर्षणाने तयार होतील यावर पूर्वी अनेकांचा विश्वास नव्हता. १९४१ साली खगोलशास्त्रज्ञ एरिक होल्मबर्ग यांनी ताऱ्यांच्या जागी विजेचे दिवे मांडून दीर्घिकांची गाठ घडवली. प्रकाशही गुरुत्वाकर्षणासारखाच अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून बलाऐवजी त्यांनी उजेड मोजला. माझ्या मते खगोलशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी हा एक. पुढे १९७२ मध्ये अलार आणि युरी तूम्रे या भावांनी संगणकावर अँटेनाची शेपटे हुबेहूब उमटवली. त्यातून आणखी एक गोष्ट कळली: पाहुणी दीर्घिका तबकडीच्या फिरण्याच्याच दिशेने जवळून गेली, तर शेपूट लांब निघते. म्हणजे शेपूट भेटीची दिशाही सांगते.

बाकीच्या खुणा साथीला असतात. ताऱ्यांची टक्कर जवळजवळ होतच नाही, पण वायूचे ढग आदळतात आणि नवे, निळे तारकागुच्छ पेटतात. काही लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती फिकट कमानी दिसतात. गिळलेल्या दीर्घिकेचे ते अवशेष. कधी एकाच दीर्घिकेत दोन गाभे सापडतात. एनजीसी ६२४० च्या दोन्ही गाभ्यांत सक्रिय, म्हणजे भोवतालचा वायू गिळणारी, कृष्णविवरे असल्याचे २००२ मध्ये चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने दाखवले.

मोजमापाची एक सोपी रीत आहे. चित्र १८० अंशांनी फिरवायचे आणि मूळ चित्रातून वजा करायचे. शांत दीर्घिका जवळपास पुसली जाते, विस्कटलेलीचा बराच प्रकाश उरतो. मात्र ताऱ्यांच्या जन्माचे मोठे पुंजके असले, तर एकटी दीर्घिकाही विषम ठरते. आणि विलीनीकरण कोट्यवधी वर्षे चालते. शेवटी शेपटे इतकी फिकट होतात की ती रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडात बुडतात. त्यामुळे कमी वेळ टिपलेल्या चित्रात जी दीर्घिका निवांत वाटते, तिच्याच भोवती दीर्घकाळ प्रकाश साठवल्यावर शेपूट उमटू शकते. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा आकाशाचा तोच तो भाग दहा वर्षे पुन्हापुन्हा टिपून चित्रे एकावर एक रचणार आहे, ती याच फिकट प्रकाशासाठीही.