एक कप म्हणजे किती ग्रॅम? या हिशोबाची पार्श्वभूमी

एक कप मैदा म्हणजे नेमके किती ग्रॅम? कुणी 120 सांगतं, कुणी 125, कुणी थेट 150. गंमत म्हणजे यातला कुठलाच आकडा खोटा नाही.

वजन आणि आकारमान यांची गाठ मुळात मारली गेली ती पाण्याशी. फ्रान्सच्या 1795च्या कायद्यात ग्रॅम म्हणजे एक घन सेंटिमीटर बर्फगार पाण्याचं वजन, असं ठरलं. ब्रिटननेही 1824 मध्ये पाणीच धरलं: 62 अंश फॅरनहाइटच्या दहा पौंड शुद्ध पाण्याला जेवढी जागा लागते, तो एक गॅलन. म्हणूनच 100 मिली पाणी 100 ग्रॅम भरतं. तेवढंच दूध साधारण 103 ग्रॅम, तेल 92, मध 140च्या आसपास. पातळ पदार्थांचा प्रश्न इथेच मिटतो.

अमेरिकेने मात्र ब्रिटनचा हा नवा गॅलन घेतलाच नाही. तिथे 1707 पासूनचा, वाइन मोजण्याचा 231 घन इंचांचा गॅलन चालू राहिला. त्याचा सोळावा हिस्सा म्हणजे अमेरिकी कप, 236.6 मिली. त्याच देशातल्या पोषणमूल्यांच्या लेबलांवर कप 240 मिलीचा असतो. ऑस्ट्रेलियात तो 250, जपानमध्ये 200. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी 15 मिली, ऑस्ट्रेलियात 20. तेव्हा पाककृती कुठली, हे आधी पाहावं. तक्ता नंतर उघडावा.

पूर्वीच्या पाककृतींत ‘चहाचा कप’, ‘अंड्याएवढं लोणी’ अशीच मापं असत. 1896 मध्ये बॉस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांनी आपल्या पुस्तकात कप आणि चमचा सपाटच भरायचा, असा दंडक घातला. शीग गेली, पण कपाच्या आतल्या हवेचं काय? मैदा चमच्याने हलकेच कपात टाकून वरून सुरी फिरवली, तर अमेरिकी कपात साधारण 120 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला, तर मैदा दाबला जातो आणि वजन 140-150 वर जातं. चार कपांच्या पाककृतीत हा फरक शंभर ग्रॅमच्या आसपास पोचतो, म्हणजे जवळजवळ एक कप जादा मैदा. पाणी तेवढंच राहतं आणि पाव दगडासारखा होतो. दोष मात्र यीस्टला लागतो. साखरेचे दाणे फारसे दबत नाहीत, त्यामुळे तिचा 200 ग्रॅमचा आकडा बराच भरवशाचा. मिठाचं उलट: बारीक मीठ चहाच्या एका चमच्यात (5 मिली) सुमारे 6 ग्रॅम बसतं, तर पोकळ पापुद्र्यांचं मीठ त्याच्या निम्म्याच्या आसपास.

तयार तक्त्यापेक्षा स्वतःचा आकडा काढणं सोपं. रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करा, रोजच्या हाताने भरा, सपाट करा, वजन लिहून ठेवा. असं तीनदा करून सरासरी घ्या. तीन वजनांत दहा ग्रॅमहून जास्त तफावत आली, तर भरण्याची पद्धतच एकसारखी नाही, असं समजा. कप किती मिलीचा हे माहीत नसेल, तर तो पाण्याने काठोकाठ भरून तोला. जितके ग्रॅम, तितके मिली.

यीस्ट किंवा बेकिंग सोड्यासारख्या दोन-तीन ग्रॅमच्या जिनसांना मात्र चमचाच बरा. एक ग्रॅमच्या टप्प्याने वाचणारा घरगुती काटा तिथे 2 दाखवतो, तेव्हा खरं वजन दीड असू शकतं किंवा अडीचही.