घोषणा आजची, तेल दहा वर्षांनंतरचं

जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला आणि अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. त्यात वर्ष निवडणुकीचं. सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात पक्षाचे नेते मायकेल स्टील यांनी 'ड्रिल, बेबी, ड्रिल' (म्हणजे 'खोदा, खोदत सुटा') अशी आरोळी ठोकली आणि अख्ख्या सभागृहाने ती उचलून धरली. म्हणणं सोपं होतं: आपल्याच समुद्रात तेल पडून आहे, सरकारनेच ते काढायला बंदी घातली आहे; बंदी उठवा, पेट्रोल उतरेल.

बंदी होती हे खरं. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळ समुद्रातली विहीर फुटून किनारा काळा झाला, तेव्हापासून लोकमत तापलेलं होतं. १९८२ पासून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, किनारपट्टीचे एकेक पट्टे खोदकामाला बंद करत नेले. १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी अध्यक्षीय बंदीही घातली. ती १४ जुलै २००८ रोजी त्यांच्याच चिरंजीवांनी उठवली आणि पुढच्या अडीच महिन्यांत काँग्रेसनेही आपली बंदी संपू दिली. डिसेंबरपर्यंत तेल ४० डॉलरच्या खाली! पण या घसरणीत नव्याने खुल्या झालेल्या समुद्रातलं एक पिंपही नव्हतं. जागतिक मंदीने मागणीच आटली होती.

जमिनीखाली तेलाचं तळं असतं असं आपल्याला उगाच वाटतं. प्रत्यक्षात ते भिजलेल्या विटेत पाणी मुरावं तसं खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. ते शोधायचं कसं? सर्वेक्षणाचं जहाज पाण्यात दाबलेल्या हवेचे बार काढत जातं. तो आवाज तळाखालच्या थरांवर आपटून परत येतो आणि जहाजामागे काही किलोमीटर लांब ओढलेल्या केबलींवरचे पाण्यातले मायक्रोफोन तो टिपतात. त्यावरून थरांचा नकाशा बनतो. नकाशात दिसतो तो फक्त खडकाचा आकार. आत तेल आहे की खारं पाणी, हे विहीर खोदल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही. पहिल्या विहिरी बऱ्याचदा कोरड्या निघतात. तेल लागलंच तर साठा केवढा हे ठरवायला आणखी विहिरी, मग प्लॅटफॉर्मची रचना, बांधणी, पाइपलाइन. खोल समुद्रात पट्ट्याच्या लिलावापासून पहिल्या पिंपापर्यंत सात ते दहा वर्षं सहज जातात. आपल्या मुंबई हायचं पाणी अवघं ७५ मीटरच्या आसपास, तरी साठच्या दशकातल्या सर्वेक्षणानंतर तेल लागायला १९७४ उजाडलं आणि उत्पादन सुरू झालं १९७६ मध्ये.

एवढं करून भावात फरक किती पडणार? अमेरिकेच्याच ऊर्जा माहिती प्रशासनाने २००८ मध्ये अलास्कातल्या, खोदकामाला अशाच बंद असलेल्या अभयारण्याचा हिशेब मांडला होता. मध्यम अंदाजात तिथलं उत्पादन २०२७ च्या सुमारास दिवसाला ७ लाख ८० हजार पिंपांवर पोहोचणार होतं आणि त्याने तेल पिंपामागे ७५ सेंटने स्वस्त होणार होतं. पिंपात ४२ गॅलन. म्हणजे पेट्रोलवर गॅलनमागे दोन सेंटसुद्धा नाहीत! कारण तेव्हा जग दिवसाला साडेआठ कोटी पिंपं जाळत होतं आणि टेक्सासचं तेलसुद्धा जागतिक भावानेच विकलं जातं. शिवाय अमेरिकेने काढलं तेवढं ओपेकने, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने, हात आखडला की गणित तिथेच संपतं.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. कंपन्या ६ कोटी ८० लाख एकर सरकारी जागा भाडेपट्ट्याने घेऊन नुसत्या बसल्या आहेत, असं डेमोक्रॅट म्हणत. पण पट्टा घेतला म्हणजे तेल सापडलं, असं नव्हे. उत्पादन नसलेल्या बऱ्याच पट्ट्यांवर सर्वेक्षण चाललेलं असतं, काही कोरडे निघालेले असतात. आणि राजकारणाचं टायमिंग बघा: ओबामांनी ३१ मार्च २०१० रोजी समुद्रातलं खोदकाम वाढवायची घोषणा केली, २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या खोदकामाच्या तरंगत्या रिगवर स्फोट झाला. ११ माणसं गेली. दीड किलोमीटर पाण्याखालची विहीर ८७ दिवस वाहत राहिली.

मग खोदकामाने भाव कधी उतरतच नाही का? उतरतो, एकदा उतरलाही. पण त्यासाठी वाढ प्रचंड लागते आणि ती आली भलतीकडून. टेक्सास आणि नॉर्थ डाकोटामधल्या शेल नावाच्या घट्ट खडकांत आडव्या विहिरी खोदून, पाण्याच्या दाबाने खडक फोडून तेल निघू लागलं. २००८ मध्ये दिवसाला ५० लाख पिंपं असलेलं अमेरिकेचं उत्पादन २०१५ पर्यंत ९० लाखांच्या पुढे गेलं. ओपेकनेही या वेळी उत्पादन घटवलं नाही. १०० डॉलरच्या वरचा भाव २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आला. घोषणेचा विजयच म्हणायचा, पण तेल कंपन्यांची अवस्था विचारू नका. शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतं, त्यामुळे नवी विहीर सतत खोदावी लागते आणि स्वस्त तेलात ते परवडत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेलासाठी १,६०९ रिग (विहिरी खोदायच्या यंत्रणा) चालू होते, मे २०१६ मध्ये उरले ३१६.

२०२२ मध्ये तर अमेरिका जगातला सर्वांत मोठा तेल उत्पादक देश होती, तरी युक्रेन युद्धामुळे जूनमध्ये तिथलं पेट्रोल पाच डॉलरवर गेलंच. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात तीच जुनी आरोळी दिली. त्या वसंतात तेल साठ डॉलरच्या आसपास घसरलं. नवी विहीर परवडायला सरासरी ६५ डॉलर भाव हवा, असं टेक्सासच्या कंपन्या डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत नुकत्याच सांगून बसल्या होत्या. त्यांनी रिग कमी केले.