जमिनीखालचा भूगोल आणि नकाशावरचा भूगोल

‘भूगोल अनुकूल आहे म्हणून त्या देशात परकीय गुंतवणूक येते’ असं सर्रास म्हटलं जातं. पण भूगोल म्हणजे नेमकं काय? जमिनीखाली सापडणारी संपत्ती, की नकाशावरची जागा? पैसा दोन्हींमागे येतो, पण त्याची चाल वेगळी असते.

खनिज असेल तिथे कंपनीला जावंच लागतं. चाडला समुद्र नाही. तरी तेलासाठी एक्झॉनमोबिल आणि तिच्या भागीदारांनी कॅमेरूनच्या किनाऱ्यापर्यंत १,०७० किलोमीटरची पाइपलाइन टाकली. २००३ मध्ये तेल वाहू लागलं. बोट्स्वानाही भूवेष्टित, पण हिरे विमानाने जातात, त्यामुळे अंतर आड आलं नाही. लोहखनिजाचं तसं नाही, ते जड आणि किलोमागे स्वस्त. गिनीला किनारा आहे, तरी सिमांडूचे डोंगर इतके आत की ६०० किलोमीटरहून लांब रेल्वेमार्गाशिवाय खाण चालणं अशक्य. रिओ टिंटो ही खाणकंपनी तिथे १९९७ पासून आहे. पहिलं खनिज जहाजात चढायला २०२५ उजाडलं. अर्थात मधले परवान्यांचे वाद आणि सत्तापालट हा काही भूगोलाचा दोष नव्हे.

जागेचं गणित निराळं. मोरोक्को आणि स्पेन यांच्यात अरुंद ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटर पाणी आहे, आणि ते आजचं नाही. पण मोरोक्कोचं टँजियर-मेड बंदर २००७ मध्ये सुरू झालं, त्यानंतर २०१२ मध्ये रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीचा मोठा कारखाना आला. तिथल्या गाड्या रेल्वेने थेट बंदरात जातात. मेक्सिकोही अमेरिकेला खेटूनच होता. सीमेवर माकिलाडोरा, म्हणजे निर्यातीसाठी जोडणी करणाऱ्या कारखान्यांची रांग लागली ती १९६५ नंतर, निर्यातीच्या मालासाठी सुटे भाग विनाशुल्क आणायची मुभा मिळाल्यावर. माझ्या मते जागेचं कौतुक होतं, तेव्हा निम्मं श्रेय बंदराचं आणि जकातीच्या नियमांचं असतं.

फरक घासाघिशीत कळतो. खाण उचलून नेता येत नाही. एकदा पैसा ओतला की सरकार कर वाढवू शकतं आणि कंपनीला बहुधा सोसावं लागतं. जोडणीचा कारखाना शेजारच्या देशात हलू शकतो, म्हणून तिथे करसवलत देत सरकारच मागे धावतं.

मंगोलियातल्या ओयू तोलगोई या खाणीत दोन्ही भूगोल एकत्र आले आहेत. तांबं जमिनीखाली, आणि चीनची सीमा सुमारे ८० किलोमीटरवर. त्यामुळे समुद्र नसल्याची झळ कमी बसते, मात्र जवळची बाजारपेठ ती एकच.