बन्सी आणि जवस : विदर्भातल्या घरगुती सावरडोची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत घरी सावरडो, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठावर फुगवलेला पाव, करणारे आता तुरळक का होईना, सापडतात. स्टार्टर (आंबवलेल्या पिठाचं विरजण) कसा धरायचा, त्याला कधी नवं पीठ खाऊ घालायचं, ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या गंजात झाकण दाबून पाव कसा भाजायचा, हे त्यांनी मोबाइलवर पाहून शिकून घेतलं आहे. त्यावर फारसं कुणाचं अडत नाही. वाद होतो तो पिठावर. बन्सी गव्हाचा पाव का बसतो, लोकवनचा का चढतो, मग बन्सी वापरावाच का, असे प्रश्न निघतात आणि पाठोपाठ बियांचा विषय येतो. हे दोन्ही वाद मुळात एकच आहेत. पावात घालायचा बन्सी आणि पावात घालायचं जवस इथल्या एकाच वावरात पिकत होते आणि त्या वावरातून ते जवळजवळ एकत्रच गेले.

लांबचा इतिहास थोडक्यात आटपतो. यीस्ट विकत मिळू लागण्याआधी जगातला बहुतेक फुगलेला पाव आंबवलेल्या पिठाच्या गोळ्यावरच व्हायचा. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कारखान्यांतून दाबलेल्या यीस्टच्या वड्या निघाल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुकं यीस्ट आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडात अशी पद्धत निघाली की यंत्राच्या जोरदार मळणीने तासांचं आंबवणं मिनिटांवर आलं. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावातलं यीस्ट आणि जिवाणू वेगळे करून दाखवले गेले. आंबटपणा मुख्यतः जिवाणूंचा, फुगवटा मुख्यतः यीस्टचा. त्या पावातलं यीस्ट माल्टोज साखरेला हात लावत नाही आणि जिवाणूला नेमकी तीच हवी असते, म्हणून दोघांचं एका पिठात वर्षानुवर्षं जमतं.

आपल्याकडे पाव आला तो छावण्यांबरोबर. कामठीची छावणी १८२१ ची. त्या काळी हिंदुस्थानात पावाचं पीठ अनेक ठिकाणी ताडीवर फुगवलं जाई. पण ही डबलरोटी शहरात आणि रेल्वेच्या गावांत राहिली. खेड्यात आंबवणं होतं ते ज्वारीचं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आजही ज्वारीची आंबील लागते आणि ती धरण्याची जाण प्रत्येक घरात होती. रोजची भाकर ज्वारीची, गहू सणावाराचा. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे कणीक ताणू देणारं गव्हातलं प्रथिन, नाही, त्यामुळे ती कितीही आंबवली तरी वायू धरून ठेवणारी जाळी तिच्यात तयार होत नाही. आंबवण्याचं ज्ञान ज्वारीपाशी राहिलं, गव्हाचं ज्ञान दुसरीकडे वाढलं.

ते दुसरीकडे म्हणजे रोडग्यांत आणि लंबी रोटीत. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे : बाहेर कडक कवच, आत शिजलेला गाभा. न आंबवता केलेलं हे घरगुती बेकिंगच आहे. लंबी रोटीचं तंत्र तर सावरडो करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी जवळून पाहावं. बारीक चाळलेल्या पिठात पाणी इतकं की कणीक हातातून ओघळते. ती कोपरात आपटून आपटून, ताणून ताणून अशी तिंबायची की दोन्ही हातांवर झेलत ती हातभर लांब होते, फाटत नाही आणि उलट्या ठेवलेल्या मातीच्या माठावर अंगावर पडदा टाकावा तशी पसरते. सावरडोवाले ज्याला ‘स्ट्रेच अँड फोल्ड’ आणि जास्त पाण्याचं पीठ म्हणतात, ते विदर्भातल्या बायका आधीपासून करत आल्या आहेत. त्यांना ग्लुटेन हा शब्द माहीत नव्हता, पण कोणत्या गव्हाची कणीक ताणते आणि कोणत्या गव्हाची तुटते हे हाताला पक्कं कळत होतं. शेवया, रवा, लापशी यांना बन्सी. लंबी रोटीला लोकवन.

इथून मूळ वाद सुरू होतो.

बन्सी हा ड्युरम गहू. दाणा लांबट, कडक, पिवळसर, कापला तर काचेसारखा. विदर्भातली जुनी पद्धत अशी होती की भारी काळ्या जमिनीचा काही भाग पावसाळ्यात पडीत ठेवायचा, वखरत राहायचं, पावसाची ओल जमिनीत साठवायची आणि ऑक्टोबरात त्या ओलीवर गहू पेरायचा. पुढे एखादं पाणी मिळालं तर मिळालं, नाहीतर नाही. उत्पन्न कमी, पण खर्चही जवळपास नाही. धोका तांबेरा या रोगाचा. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातल्या गव्हाचं तांबेऱ्याने फार मोठं नुकसान केलं, आणि जुने वाण टिकवावेत की बदलावेत हा प्रश्न तेव्हापासूनच मोठा झाला.

मग साठचं दशक आलं. १९५६ पासून अमेरिकेचा गहू करारावर येतच होता. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले. १९६६ मध्ये देशाने मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं. हे वाण खत-पाणी दिलं तरी लोळत नव्हते आणि तांबेऱ्याला दाद देत नव्हते. दाणा लाल होता, लोकांना तो आवडेना, म्हणून इथेच निवड करून पिवळसर दाण्याचे कल्याणसोना आणि सोनालिका १९६७ मध्ये दिले गेले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या भावनगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शिक्षणसंस्थेतून लोक-१ निघाला, तोच आपला लोकवन. विदर्भात जिथे विहिरीला किंवा कालव्याला पाणी होतं, तिथे तो पसरला.

या निर्णयाकडे दोन बाजूंनी पाहिलं जातं. एक बाजू म्हणते, त्या वेळी दुसरा पर्यायच नव्हता. जहाजावरून उतरणाऱ्या धान्यावर देश जगत असताना चवीचा आणि शेवयांचा विचार कोण करणार? दुसरी बाजू म्हणते, पंजाबच्या कालव्यांसाठी योग्य असलेला गहू कोरडवाहू वऱ्हाडावर आणून टाकला, चार-सहा पाण्यांचं पीक एका पाण्याच्या मुलखात बसवलं आणि बन्सीवर पुरेसं काम केलं नाही. पहिल्या बाजूचं म्हणणं मला मान्य आहे, देशासाठी तो निर्णय बरोबरच होता. पण दुसऱ्या बाजूने मांडलेलं नुकसान खरं आहे आणि त्याची नोंद फार कमी होते. गव्हाचा हमीभाव एकच, त्यात ड्युरमला वेगळी जागा नाही. रेशनवर जो गहू आला तो उत्तरेचा आला. कोरडवाहू गव्हाला बाजारात नाव उरलं ते शेवया-रव्यापुरतं. यंत्रणेने पाणी असलेल्या शेतकऱ्याचा गहू सुधारला, पाणी नसलेल्याचा गहू त्याच्यावरच सोडून दिला.

बन्सी टिकला तो मुख्यतः जिथे दुसरं काही शक्य नव्हतं तिथे. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारं, ओलिताला निकामी. तिथे रब्बी म्हणजे साठवलेली ओलच. आज घरी सावरडो करणाऱ्याला खात्रीचा बन्सी हवा असेल तर याच पट्ट्यातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलेला बरा.

पण तो आणल्यावर पाव बसतो, आणि त्याला कारण आहे. ड्युरममध्ये २८ गुणसूत्रं, साध्या गव्हात ४२. साध्या गव्हाला गुणसूत्रांचा जो तिसरा संच मिळालेला आहे, त्यातल्या काही प्रथिनांमुळे कणीक ताणली तरी तुटत नाही आणि सोडली की मागे येते. ड्युरममध्ये प्रथिनं कमी नसतात, बहुतेकदा जास्तच असतात, पण त्याची कणीक चिवट असून ताणायला कमी पडते. आंबटपणा वाढत गेला की ती आणखी लवकर तुटते. त्यात गावची चक्की. दगडाच्या घर्षणाने पीठ तापतं, स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात, पीठ पाणी जास्त पितं आणि लांब आंबवणीत पिठातली विकरं (एन्झाइम) ते स्टार्च भराभर साखरेत मोडतात. कणीक चिकट होते. पोळीला हीच गोष्ट उपकारक, पोळी मऊ राहते. म्हणून चक्कीवाल्याला दगड थोडे सैल ठेवायला सांगावं, पहिला घाणा दुसऱ्याचा जाऊ द्यावा आणि पीठ मैदाचाळणीतून काढून जाड कोंडा बाजूला ठेवावा.

शुद्ध बन्सीचा उंच पाव करण्याचा हट्ट मला पटत नाही, आणि बन्सी नकोच हे तर मुळीच पटत नाही. तीन भाग लोकवन, एक भाग बन्सी हे प्रमाण घरच्या पावाला चांगलं लागू पडतं. गाभा पिवळसर होतो, चवीला गोडसर धार येते आणि पाव दुसऱ्या दिवशीही कोरडा वाटत नाही.

आता जवस. ते गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या सोबतचं पीक. गव्हाच्या कडेने जवसाचे तास टाकायची रीत होती, आणि पूर्वेकडे झाडीपट्टीत उभ्या धानात जवस, लाखोळी फेकून पेरत. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि या भागातलं जवस युरोपात रंग आणि वार्निश करायला जाऊ लागलं. घरात ते तेलाला आणि चटणीला. मग ऐंशी-नव्वदच्या दशकांत सोयाबीन आलं. सोयाबीनने पावसाळ्यातलं पडीत रान संपवलं. वावर खरिपातच भरलं, मागे ओल उरली ती हरभऱ्यापुरती. बन्सी आणि जवस दोघंही ज्या साठवलेल्या ओलीवर उभे होते, ती ओलच गेली. मेक्सिकोच्या गव्हाला सगळे दोष देतात, पण सोयाबीनचा वाटा त्याहून लहान नाही असं मला वाटतं.

बियांचा पाव म्हणून जे चित्र बाहेरून येतं, त्यात सूर्यफूल, भोपळा, चिया असतात. सूर्यफूल तेलबी म्हणून आपल्याकडे १९६९ मध्ये सोव्हिएत संघातून आलेल्या वाणांनी रुजलं; ते काही परकं राहिलेलं नाही. पण ज्यांच्या वावरात जवस, तीळ आणि कारळ होते, त्यांनी शहरातून पाकिटातल्या बिया मागवाव्यात हे वाईट वाटतं. जवसाच्या सालीत चिकटा असतो. ते रात्रभर दुप्पट पाण्यात भिजवलं की बुळबुळीत होतं आणि हेच पाणी पावात ओल धरून ठेवतं. कोरडं घातलं तर तेच कणकेचं पाणी ओढून घेतं. तीळ आणि कारळ भाजून, जवस भिजवून, सगळं मिळून पिठाच्या पंधरा ते वीस टक्के. कणीक एकदा नीट तिंबून झाल्यावरच घालावं, नाहीतर दाणे जाळी कापतात. करडीचं टरफल फार कडक, तिला पावात घेऊ नये. जवस दळून ठेवू नये, तेल लवकर खवट होतं.

घरी पाव करणं विदर्भाच्या खेड्यात इतकं उशिरा का आलं, याला विजेचंही कारण आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असायचं. ओव्हनचा आणि फ्रिजमध्ये स्टार्टर ठेवण्याचा विचारच नव्हता. बाहेरचा ब्रेड मात्र पोचत होता. केंद्र सरकारने १९६५ मध्ये स्वतःची ब्रेड कंपनी काढली, २००० मध्ये ती खासगी हातात दिली, आणि तोवर कापलेला पांढरा ब्रेड तालुक्याच्या दुकानात आजाऱ्याचं खाणं म्हणून बसला होता. मे २०१६ मध्ये दिल्लीतल्या एका संस्थेने ब्रेडच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट आणि आयोडेटचे अंश दाखवले, जूनमध्ये ब्रोमेटवर बंदी आली. त्यानंतर बरेच जण पाकिटामागचं छापील वाचू लागले. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून मुलं गावी परतली, यीस्ट दुकानांत मिळेना, आणि अनेक घरांत पहिला स्टार्टर तेव्हा धरला गेला. आईने आंबिलीचं गाडगं जिथे ठेवायचं तिथेच ठेवून दिला, असंही झालं.

राहता राहिलं ऊन. स्टार्टरमधलं यीस्ट साधारण २७ अंशांना जोमात असतं, जिवाणू ३२-३३ ला. ३५ च्या वर यीस्ट थांबत जातं आणि आंबटपणा पुढे धावतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत घरात ठेवलेली कणीक फुगण्याआधी आंबते आणि पाण्यासारखी सैल पडते. माठातलं गार पाणी वापरून, ओलं फडकं गुंडाळून, पहाटे मळून काम भागवता येतं, पण बियांचा जड पाव तेव्हा करूच नये. उलट डिसेंबरच्या थंडीत स्टार्टर सुस्तावतो आणि काही जण चिमूटभर यीस्ट घालतात. त्यावरही भांडण आहे. फ्रान्सने १९९३ च्या नियमात नैसर्गिक खमिराच्या पावाला पिठाच्या ०.२ टक्क्यांपर्यंत यीस्ट चालेल असं ठरवलं, तेव्हा घरच्या चिमटीवर इतकं रागवण्याचं कारण नाही.

यातून एक अडचण उरते. बन्सी निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पावाचा इथला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे हिवाळ्यातल्या पावाला गेल्या वर्षीचाच गहू लागणार. मार्चमध्ये गहू आणला की कडक उन्हात दोन दिवस वाळवावा, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरावा, पावसाळा संपल्यावर सोंडे (धान्यातले किडे) पाहून पुन्हा एक ऊन द्यावं, आणि दळण लागेल तेवढंच, आठवड्याचं आठवड्याला आणावं.