'प्यायला होता म्हणून मारलं' ही सबब किती खरी?

"तो तसा नाही गं, त्या दिवशी प्यायला होता म्हणून हात उचलला." कोवळ्या वयातल्या प्रेमात मार खाल्लेल्या मुलीच्या तोंडी हे वाक्य वारंवार येतं. मारणारी मुलगी असली तरी सबब हीच असते. ती तपासून पाहायलाच हवी, कारण तिच्या आधारावर पुढचा मार सोसला जातो.

दारूचा मेंदूवर परिणाम होतो, यात वाद नाही. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव ती वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा प्रभाव कमी करते. सारासार विचार लवकर ढासळतो. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये याला 'अल्कोहोल मायोपिया' म्हटलं. प्यायलेल्याला जवळचं, ठळक तेवढंच दिसतं. जोडीदाराच्या फोनवर कुणाचा तरी मेसेज दिसतो आणि मन तिथंच अडकतं. त्यामागचं साधं कारण, उद्याचा पश्चात्ताप, समोरच्याची भीती, यांतलं काहीच ध्यानात येत नाही.

किशोरवयात हे अधिक धोक्याचं. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. शिवाय किशोरवयीन उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की दारूनं येणारी गुंगी त्यांना प्रौढ उंदरांपेक्षा कमी येते. माणसातही तसंच होत असेल, तर 'आता पुरे' हा शरीराचा इशारा या वयात उशिरा मिळतो.

मग सबब खरी ठरली का? नाही. 1975 मधल्या एका अमेरिकी प्रयोगात काही तरुणांना व्होडका दिल्याचं सांगून नुसतं टॉनिक वॉटर, म्हणजे दारू नसलेलं कडसर पेय, पाजलं. समोरच्याला विजेचा झटका देण्याची वेळ आली तेव्हा, आपण दारू प्यायलो असं ज्यांना वाटत होतं त्यांनी अधिक जोराचे झटके दिले. पोटात खरंच दारू होती की नाही, यानं फारसा फरक पडला नाही. पुढच्या संशोधनानं दारूच्या रासायनिक परिणामाचा वाटाही दाखवून दिला, पण 'प्यायल्यावर असं चालतं' या समजुतीचं बळ त्या प्रयोगात उघडं पडलं. आणि एक साधी गोष्ट पाहा: तोच मुलगा त्याच नशेत आपल्यापेक्षा धिप्पाड मित्रावर सहसा हात उचलत नाही.

संशोधक एमिली रॉथमन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. वारंवार पिणं, एका बैठकीत भरमसाठ पिणं आणि पिण्यापायी अडचणीत येणं, या तिन्हींचा जोडीदाराला मारहाण करण्याशी संबंध आढळला. सर्वांत घट्ट संबंध तिसऱ्याचा होता. अर्थात, संबंध म्हणजे कारण नव्हे. घरातली मारहाण, मित्रांची संगत अशा गोष्टी दोन्हींच्या मुळाशी असू शकतात.

उलट दिशेनंही साखळी चालते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, किशोरवयात जोडीदाराकडून छळ झालेल्या मुलींमध्ये सुमारे पाच वर्षांनी भरमसाठ पिणं आणि नैराश्य अधिक दिसलं. म्हणून अशी मुलगी मदत मागायला आली की 'तू का प्यायलीस?' हा पहिला प्रश्न मला क्रूर वाटतो. तिनं प्यायली असली तरी मारण्याचा निर्णय तिचा नव्हता. ओरडा बसेल या धाकानं कितीतरी मुली गप्प राहतात.

उपाय आहे, आणि तो तपासलेला आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात 1994 पासून 'सेफ डेट्स' हा शालेय कार्यक्रम आजमावला गेला. त्याचा मुख्य भर दारूवर नव्हता. जोडीदाराला मारणं चालतं ही समजूत मोडणं, राग आणि भांडण हाताळायला शिकवणं, मदत कुठे मागायची ते सांगणं, यावर तो होता. चार वर्षांनंतरही त्या मुलामुलींत शारीरिक आणि लैंगिक हिंसा इतरांपेक्षा कमी होती.