शांत बाळाची टाच

"लई गुणाचं पोर हाय. रडणं न्हाई, कुरकुर न्हाई, दूध प्यालं की झोपतंय." कोल्हापुरात बाळंतिणीला बघायला आलेली मावशी असं कौतुक करते, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. बहुतेक बाळं खरंच गुणाची असतात. पण हजारभरात एखाद्याची थायरॉईड ग्रंथी तयारच झालेली नसते किंवा भलत्याच जागी असते, आणि हा शांतपणाच त्या दोषाचं लक्षण असतो. जोडीला रेंगाळणारी कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरं रडणं. जन्मताना काहीच कळत नाही, कारण पोटात आईचं थायरॉक्सिन, म्हणजे याच ग्रंथीचं संप्रेरक, थोडंफार पुरलेलं असतं. लक्षणं ठळक होईतो मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून जातात.

म्हणून नवजात बाळाच्या टाचेतलं रक्त घेऊन तपासायचं. पहिल्या दिवशी सगळ्याच बाळांचं टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं, ती कमी पडली की वाढणारं संप्रेरक) उसळलेलं असतं, त्यामुळे नमुना 48 ते 72 तासांनी घेतात. तेवढ्यात घरी सोडायची वेळ येते. पाचवीच्या गडबडीत तो राहूनच जातो. टाच शेकून कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, पुढचा टपोरा थेंब टिपकागदावरच्या गोलात पार मागच्या बाजूपर्यंत मुरू द्यायचा. थेंबावर थेंब नको. कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचा. पंचगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत हवाच इतकी ओली असते की घाईने पाकिटात घातलेला नमुना वाया जातो.

टिपकागदाची ही युक्ती अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांची, 1960च्या दशकातली, फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात चयापचय-विकारासाठी. आता मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू वजनावरून ओळखायच्या तंत्राने, त्याच कागदावरून कितीतरी चयापचय-विकार हुडकता येतात. त्यांतले बहुतेक आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात. मग दर बाळंतपणाला शक्यता चारात एक. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे आणि नात्यातल्या दोघांत तेच सदोष जनुक असू शकतं, तेव्हा हे ध्यानात ठेवलेलं बरं. थायरॉईडचा दोष मात्र बहुधा आनुवंशिक नसतो, उगाच सुनेच्या माहेराला बोल लावू नये.

आपल्याकडे ही चाचणी सरसकट होत नाही, विचारावी लागते. अहवाल बिघडलेला आला तरी तो आजाराचा शिक्का नव्हे. शिरेतलं रक्त घेऊन खात्री करतात. दोष पक्का झाला तर पहिल्या दोन आठवड्यांतच थायरॉक्सिन सुरू व्हावं. रोज एक छोटी मात्रा, चमच्यात कुस्करून आईच्या दुधातून. लोहाच्या औषधाबरोबर नको. काही दिवसांत बाळ रात्री घर डोक्यावर घ्यायला लागतं, आणि तीच मावशी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला येते.