ऑनलाइन खरेदीतील सुरक्षितता व फसवणूक

ऑनलाइन खरेदीत पैसे आधी जातात आणि वस्तू मागाहून येते. मधल्या काळात ग्राहकाच्या हाती पावतीपलीकडे काही नसते. या काळात पैसा कुणाकडे आहे आणि तो परत मागता येतो का, यावर त्या खरेदीची सुरक्षितता ठरते. बनावट दुकान, अडलेल्या पार्सलचा निरोप, तोतया मदत केंद्र अशी फसवणुकीची सोंगे निरनिराळी असली, तरी बहुतेकांचा डाव एकच असतो : पैसा अशा वाटेने काढून घ्यायचा, की तो मागे फिरता कामा नये.

न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेला माल घेण्याची अडचण इंटरनेटहून बरीच जुनी आहे. अमेरिकेत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी टपालाने माल विकण्यासाठी आपली पहिली किंमतयादी १८७२ मध्ये छापली, आणि टपालातून केलेली फसवणूक गुन्हा ठरवणारा संघीय कायदाही तिथे नेमका त्याच वर्षी झाला. पुढे १८७५ मध्ये वॉर्ड यांनी ‘समाधान झाले नाही तर पैसे परत’ अशी हमी दिली. आजच्या ‘रिटर्न पॉलिसी’ची ती पणजी म्हणायला हरकत नाही. अशा बाजाराचे अर्थशास्त्र जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले. मालाची खरी स्थिती विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी परिस्थिती असेल तर चांगला माल बाजारातून हटत जातो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने यावर ग्राहकांच्या अभिप्रायांचा तोडगा काढला. चीनमध्ये अलीपे या पैसे देण्याघेण्याच्या सेवेने वेगळा मार्ग धरला : ग्राहकाचे पैसे मध्यस्थाने सांभाळायचे आणि माल मिळाल्याचे ग्राहकाने कळवले की मगच विक्रेत्याला द्यायचे.

कुलपाचे चिन्ह : ‘पत्त्याशेजारी कुलूप दिसले की संकेतस्थळ सुरक्षित’ हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे, तरी तो अजून सर्रास दिला जातो. कुलपामागचे तंत्र नेटस्केप कंपनीने १९९५ च्या सुमारास आणले. ब्राउझर आणि दुकान यांच्यातले बोलणे मधल्या कुणाला वाचता येत नाही, एवढेच ते सांगते. समोर कोण बसले आहे, याविषयी ते काहीही बोलत नाही. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेकडून फुकट मिळू लागली आणि ती बनावट दुकानांनीही घेतली. लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकले.

खरी माहिती पत्त्यात असते, फक्त तो उलटा वाचावा लागतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकटी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे यायचे. ‘अमुकदुकान.सवलत-विक्री.कॉम/परतावा’ या पत्त्याचा मालक ‘सवलत-विक्री.कॉम’ आहे. ‘अमुकदुकान’ ही त्याने दारावर ठोकलेली पाटी, आणि ती कुणालाही ठोकता येते. रोमन लिपीतील ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे शेजारी आली की मोबाइलच्या पडद्यावर ती ‘एम’सारखी भासतात. रशियन भाषेच्या सिरिलिक लिपीतला ‘अ’ तर रोमन ‘ए’पासून डोळ्यांना वेगळा ओळखूच येत नाही. पत्ता कधी नोंदवला गेला, ती तारीख मात्र ‘हूइज’ प्रकारच्या शोधसेवांवर कुणालाही पाहता येते. ‘तीन पिढ्यांचा विश्वास’ असे मिरवणाऱ्या दुकानाचा पत्ता तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेला निघाला, तर आणखी शोधत बसण्याची गरज उरत नाही.

बनावट दुकान : छायाचित्रे दुसऱ्या दुकानांतून उचललेली असतात. नियम व अटींचा मजकूरही तसाच चिकटवलेला असतो आणि पुष्कळदा त्यात मूळ दुकानाचे नाव पुसायचे राहून जाते; त्यामुळे ते कंटाळवाणे पान वाचण्यासारखे असते. ‘सवलत संपायला नऊ मिनिटे’ असे सांगणारे घड्याळ पान पुन्हा उघडले की परत नऊ मिनिटांवर येते. पण सर्वांत बोलकी खूण अखेरच्या टप्प्यावर दिसते. दुकानभर कार्डांची बोधचिन्हे झळकत असतात आणि पैसे देताना मात्र ‘कार्डसेवा तात्पुरती बंद आहे, कृपया खात्यात थेट रक्कम भरा’ असा मजकूर येतो. गंडा घालणाऱ्याचे सारे नाटक या एका ओळीसाठी उभारलेले असते.

काही ठग याहून बेरकी असतात. ते कार्डही घेतात आणि पार्सलचा क्रमांकही पाठवतात. क्रमांक खराच असतो, पण त्या पार्सलात एखादे रिकामे पाकीट असते आणि ते ग्राहकाच्याच शहरात भलत्याच पत्त्यावर जाते. कुरिअरच्या नोंदीत ‘पोचले’ असे उमटते आणि तक्रार आली की ठग तीच नोंद पुढे करतो. अशा वेळी पार्सल नेमक्या कुठल्या पत्त्यावर दिले, वजन किती होते आणि सही कुणाची, हे कुरिअर कंपनीकडून लेखी मागवल्यास दावा टिकतो.

पैसे देण्याच्या वाटा : क्रेडिट कार्डाचा व्यवहार बँकेमार्फत उलटवण्याच्या सोयीला ‘चार्जबॅक’ म्हणतात. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत कार्डधारकाला संरक्षण देणारे कायदे १९७४ मध्ये, म्हणजे ऑनलाइन दुकानांच्या कितीतरी आधी झाले. डेबिट कार्डावरही ही सोय बहुधा असते, मात्र तंट्याचा निकाल लागेपर्यंत स्वतःचेच पैसे अडकून पडतात. चार्जबॅकला मुदत असते; ‘माल निघालाय, दोन दिवस थांबा’ अशी आर्जवे ती टळावी म्हणूनच केली जातात. थेट बँक हस्तांतरण, गिफ्ट कार्डाचा क्रमांक आणि कूटचलन (क्रिप्टोकरन्सी) या वाटांनी गेलेला पैसा सहसा परत येत नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून फसवणुकीत स्वतःहून वळते केलेले पैसेही ठरावीक मर्यादेपर्यंत भरून देणे बँकांना बंधनकारक केले, पण हा अपवाद झाला. पेपाल या पैसे पाठवण्याच्या सेवेवर ‘मित्र व कुटुंब’ या पर्यायाने पाठवलेल्या रकमेला खरेदीचे संरक्षण मिळत नाही. ‘शुल्क वाचेल’ असे सांगून अनोळखी विक्रेता तोच पर्याय निवडायला लावतो. मोठ्या बाजारपेठेवर भेटून ‘पुढचे बोलणे इथे नको, व्हॉट्सॲपवर या’ म्हणणाऱ्याचाही हेतू ग्राहकाला संरक्षणाच्या कुंपणाबाहेर काढण्याचाच असतो.

तोतया मदत केंद्रांचे क्रमांक शोधयंत्राच्या निकालांत पेरून ठेवलेले असतात. परतावा देतो असे सांगून ती ओटीपी विचारतात, क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात किंवा मोबाइलचा पडदा दाखवणारे ॲप उतरवायला सांगतात. आपल्या खात्यात पैसे जमा होण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही.

अभिप्राय : खोटे अभिप्राय हा आता स्वतंत्र धंदाच झाला आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्यांची खरेदी-विक्री नियमाने निषिद्ध ठरवली. २०२० मध्ये अमेरिकेतील हजारो घरांत न मागवलेल्या बियाण्यांची पाकिटे आली, तेव्हा तिथल्या कृषी खात्याला त्यामागे ‘ब्रशिंग’ असल्याची चिन्हे दिसली. ब्रशिंगमध्ये विक्रेता अनोळखी पत्त्यावर क्षुल्लक वस्तू धाडतो आणि खरी विक्री झाल्याचे भासवून त्या नावाने स्वतःच कौतुक लिहितो. काही विक्रेते जुन्या वस्तूचे पान अभिप्रायांसकट नव्या वस्तूला चढवतात. मग मिक्सरच्या पानावर खाली कुणीतरी ‘कव्हर मोबाइलला छान बसले’ असे लिहिलेले सापडते. पाच आणि एक ताऱ्यापेक्षा तीन ताऱ्यांचे अभिप्राय उपयोगी पडतात. तसे लिहायला पैसे कोण देणार?

कधी दुकान प्रामाणिक असते आणि चोरी तरीही होते. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या संकेतस्थळात हल्लेखोरांनी घुसवलेली छोटी आज्ञावली ग्राहक टाइप करत असलेले कार्डाचे तपशील परस्पर पळवत होती. ग्राहकाला यातले काही दिसत नाही. एकदाच वापरायचे आभासी कार्ड किंवा कमी मर्यादेचे वेगळे कार्ड ठेवले, तर नुकसान आटोक्यात राहते.

फसवणूक लक्षात आल्यावर पहिला फोन बँकेला करायचा, तोही कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर. दुकानाची पाने, संदेश आणि पावत्या यांचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावेत, कारण बनावट दुकाने काही दिवसांत नाहीशी होतात. सीमेपलीकडच्या विक्रेत्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी अनेक देशांच्या ग्राहक-संरक्षण संस्थांनी २००१ मध्ये ‘ईकन्झ्युमर’ हे सामाईक संकेतस्थळ सुरू केले. फसलेल्यांच्या याद्याही पुढे विकल्या जातात. त्यामुळे काही आठवड्यांनी ‘तुमची बुडालेली रक्कम मिळवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येतो. समोरच्याला रक्कम, तारीख, दुकानाचे नाव सगळे बिनचूक ठाऊक असते, आणि त्याच बिनचूकपणामुळे ऐकणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास बसतो.